नजरेने संगणक: इन्फ्रारेड यंत्र की आयपॅडचा कॅमेरा?

एएलएसमध्ये (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतासंस्थेचा आजार) हातपाय थांबले तरी डोळ्यांची हालचाल बहुधा टिकून राहते. अशा रुग्णासाठी स्क्रीनखाली बसवायचे इन्फ्रारेड यंत्र डोळ्यातल्या बाहुलीचा मध्य आणि पारपटलावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) चकाकी यांवरून नजरेचा रोख काढते. ते अंधाऱ्या खोलीतही चालते, मात्र महाग पडते. आयपॅडच्या २०२४च्या आयपॅडओएस १८ या प्रणालीमध्ये ही सोय पुढच्या कॅमेऱ्यावरच, वेगळ्या यंत्राविना मिळते; पण आयपॅड सुमारे दीड फुटावर स्थिर ठेवावा लागतो आणि उशी सरकली की स्क्रीनवरच्या सरकत्या ठिपक्यामागे डोळे फिरवून पुन्हा जुळवणी करावी लागू शकते. दोन्हींत ‘क्लिक’ म्हणजे नजर रोखणे: ‘पाणी’ लिहायला प, काना, ण, वेलांटी असे चार थांबे. दिवसभराच्या लेखनासाठी मी इन्फ्रारेडच निवडेन. आयपॅड घरात असेल, तर आधी त्यावर डोळ्यांना सराव द्यावा.