पीसी चालू व्हायला मिनिटं लागतायत: बायोस अपडेट करू की रॅम बदलू?

गेल्या दोन वर्षांत मालवण, कुडाळ, देवगड ह्या पट्ट्यातल्या आमच्याच गोतावळ्यातले तीन पीसी माझ्याकडे एकच तक्रार घेऊन आले, बटण दाबलं की पंखा फिरतो, लाईट लागते आणि स्क्रीन काळीच, मग कधी एक मिनिट कधी चार मिनिटांनी लोगो येतो. तिघांनाही कुणीतरी आधीच सांगून टाकलं होतं की रॅम (पीसी चालू असताना वापरायची तात्पुरती मेमरी) गेली, नवीन घ्या. प्रत्यक्षात एकाची रॅम ठणठणीत होती, एकाची अर्धी खराब होती आणि एकाची रॅम चांगली असून चुकीच्या पद्धतीने वाढवलेली होती. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून इतके चढलेत की उगाच रॅम घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. पीसी पहिल्या दिवसापासून असाच स्लो आहे, का आधी फटकन चालू व्हायचा आणि आता स्लो झालाय? माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. बायोस हे पीसीच्या मुख्य बोर्डावरच्या (मदरबोर्ड) चिपमध्ये बसलेलं, पीसी चालू करून देणारं सॉफ्टवेअर आहे, तुम्ही हात लावला नाही तर ते आपोआप सहसा बिघडत नाही. वर्षभर पंधरा सेकंदात चालू होणारा पीसी आता तीन मिनिटं घेत असेल तर बदललंय ते हार्डवेअर: रॅमचे कॉन्टॅक्ट, बोर्डावरचा सेल, एखादी मरायला टेकलेली हार्ड डिस्क. उलट नवा कोरा पीसी घरी आल्यापासूनच मिनिटभर काळी स्क्रीन दाखवत असेल तर आधी बायोस आणि त्यातल्या सेटिंगकडे बघा, पैसे खिशातच राहू द्या.

दुसरं म्हणजे वेळ नेमका कुठे जातोय ते मोजा. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप अ‍ॅप्सवर जा, वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडा दिसतो. तो दहा-पंधरा असेल आणि डेस्कटॉप यायला तीन मिनिटं लागत असतील तर दोष विंडोज किंवा डिस्कचा आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही, एसएसडी बसवा आणि मोकळे व्हा. पण फक्त त्या आकड्यावर विसंबू नका, कारण एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये मेमरीची जुळवाजुळव मुख्य कोअर जागे व्हायच्या आधीच होते आणि तो वेळ त्या आकड्यात धरला जाईलच असं नाही, त्यामुळे मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बटणापासून लोगोपर्यंतचा वेळ वेगळा मोजाच. आणि मागे लावलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर सगळं काढून एकदा बघा, कधी कधी तेवढंच असतं.

आता माझा स्वतःचा पीसी. रायझन ७००० सिरीज, डीडीआर५ (डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची) रॅम, सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिक. रोज सकाळी मिनिटभर काळी स्क्रीन आणि बोर्डावर डीरॅम लिहिलेल्या ठिकाणी नारिंगी दिवा. ज्या दुकानातून घेतला तिथे म्हणाले रॅम कंपॅटिबल नाही, बदलून घ्या, फरक भरा. मी थांबलो ते बरं झालं. रायझन ७००० चा हा प्लॅटफॉर्म, म्हणजे प्रोसेसर आणि त्याचा बोर्ड, सप्टेंबर २०२२ मध्ये आला, फक्त डीडीआर५ वर चालतो, आणि सुरुवातीच्या बायोसमध्ये मेमरी ट्रेनिंगला फार वेळ लागायचा. ट्रेनिंग म्हणजे काय, तर आपल्याकडे दशावतारी नाटकात पडदा उघडायच्या आधी मृदंग आणि पेटी सुरात लावून घेतात ना, तसं प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी वेळ आणि व्होल्टेज जुळवून घेतात, एकेका लाईनसाठी. डीडीआर५ चा वेग इतका आहे की हे जुळवणं फार बारीक करावं लागतं. माझ्या बोर्डावर पहिल्याच व्हर्जनचं बायोस होतं, त्यामुळे हे सूर लावणं रोज नव्याने चालायचं.

बायोस अपडेट केलं आणि मग ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाचं सेटिंग एनेबल केलं, म्हणजे काल जुळवलेलं आज लक्षात ठेवायचं. बटणापासून लोगो वीस सेकंदांच्या आत. खर्च शून्य. ह्या सेटिंगसोबत ‘पॉवर डाऊन एनेबल’ पण चालू ठेवा, नाहीतर काही बोर्डांवर पीसी अस्थिर होतो. आणि पावसात मृदंगाचं कातडं उतरतं तसं कालचं जुळवलेलं आज जमेलच असंही नसतं, तेव्हा हे चालू केल्यावर निळी स्क्रीन यायला लागली तर बंद करा आणि तो मिनिटभर सहन करा, किंवा एक्स्पो प्रोफाईल (रॅमचा वाढीव वेग लावणारं तयार सेटिंग) ६००० वर असेल तर एक पायरी खाली आणा.

मग बायोस अपडेट फुकट आहे तर सगळ्यांनी आधी तेच करावं का? कोकणात मी नाही म्हणेन, आणि ह्याचं कारण लाईट. फ्लॅश, म्हणजे बायोस अपडेट, होताना चिपवरचं जुनं पुसून नवं लिहिलं जातं, त्या पाच-सात मिनिटांत लाईट गेली तर बोर्ड मेलेला. मे महिन्यातली संध्याकाळ आठवा, गडगडायला लागलं की दोन मिनिटांत लाईट गुल, जून-जुलैची तर गोष्टच नको. रॅमच्या बाबतीत जास्तीत जास्त पैसे वाया जातील, इथे अख्खा बोर्ड जाऊ शकतो, आणि मग चिप प्रोग्रॅम करून देणारा माणूस शोधत घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं.

त्यामुळे यूपीएस नसेल तर फ्लॅश करूच नका. यूपीएस असेल तरी आधी पीसी चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि पाच मिनिटं टिकतो का बघा, खाऱ्या हवेत यूपीएसची बॅटरी किती उरलीय ते असंच कळतं. घरच्या इन्व्हर्टरवर करणार असाल तर तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. तुमच्या बोर्डाला मागे फ्लॅशबॅक बटण असेल तर निम्मी भीती गेली, फ्लॅश फसला तरी फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून परत करता येतो, प्रोसेसर-रॅम चालत नसले तरी. नवीन बोर्ड घेणार असाल तर इकडच्या माणसाने आरजीबीच्या रंगीत दिव्यांऐवजी ह्या बटणाला पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

अजून एक, आणि ह्यात लोक जास्त फसतात. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर अपडेटच्या आधी ते सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर पीसी निळ्या स्क्रीनवर की मागतो आणि ती नसेल तर फोटो, हिशोब सगळं आत अडकतं. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा कारण सेटिंग मूळपदावर येतात. फाईल बोर्डाचं अचूक मॉडेल आणि रिव्हिजन बघून कंपनीच्याच साईटवरून घ्या.

आता दुसरी बाजू, देवगडची काकी. आंब्याच्या पेट्यांचं बिलिंग तिच्या पीसीवर चालतं, डीडीआर४ चा सहा-सात वर्षं जुना पीसी, खोली समुद्राच्या बाजूला. एप्रिलात फोन आला, “रे झिला, मशीन चालू होऊक चार-चार मिनटां लागतत, गाडी दारात उभी आसा, बिला कशी काढू मी?” मी विचारलं तारीख बरोबर दाखवतोय का. नाही, जुनीच कुठलीतरी तारीख दाखवत होता. म्हणजे सेल गेला. विजांच्या भीतीने काकी रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करते, ते योग्यच आहे, पण मग रात्रभर घड्याळ आणि सेटिंग त्या सीआर२०३२ सेलवरच चालतात आणि तो लवकर उतरतो. सेल मेला की रोज सकाळी बोर्ड सगळं विसरलेला, सगळं नव्याने ओळखायचं, एफ१ दाबा म्हणून थांबायचं. चाळीस-पन्नास रुपयांचा तीन व्होल्टचा सेल.

तरी तो चालू होताना दोनदा बंद पडून परत चालू व्हायचा. रॅम काढली तर एका स्टिकचे सोनेरी दात काळपट झालेले, एका टोकाला हिरवट. खारा वारा आणि दमट हवा, हे आपल्याकडे होतंच. खोडरबराने घासायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो, त्यापेक्षा मोबाईल रिपेअरवाल्याकडून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या, सुती कापडाने हलकं पुसा, पूर्ण वाळू द्या, स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत बसवा. हे करताना वायर काढलेली हवी.

एवढं झाल्यावर मगच टेस्ट. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका, पीसी त्यावरून चालू करा, रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तर एकेक स्टिक वेगळी लावून परत चालवा. काकीची काळपट स्टिक पहिल्याच फेरीत फेल झाली, दुसरी सकाळपर्यंत स्वच्छ. म्हणजे इथे रॅम खरंच गेलेली होती, पण निम्मीच. बायोस अपडेटचा मी इथे विचारही केला नाही, इतकी वर्षं त्याच बायोसवर तो नीट चालू होत होता.

तिसरा कुडाळचा भाचा, आणि ह्याच्यात दोन्ही बाजू एकत्र येतात. त्याने आपल्या डीडीआर५ पीसीत दोन स्टिकच्या जोडीला अजून दोन घातल्या, वेगळ्या कंपनीच्या. मग स्क्रीनच येईना, म्हणून तो दर दोन मिनिटांनी बटण दाबून बंद करायचा, आणि दर वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून. “मामा, मेला वाटतं पीसी.” मेला नव्हता, हात न लावता तसाच सोडला तर दहा मिनिटांनी चालू झाला. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पंधरा मिनिटं तरी वाट बघा. पण रायझन ७००० ला अधिकृतपणे दोन स्टिकवर ५२०० चा वेग आहे आणि चार घातल्या की ३६०० वर येतो, त्यात मिसळलेले किट (वेगवेगळ्या जोड्या), म्हणजे कुठलंही बायोस टाकलं तरी हे सुखाने चालणार नाही. त्याला मी सांगितलं चारही विक आणि दोनचा एकच मोठा किट घे, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. बायोसही अपडेट केलं, पण ते आधी जुन्या दोनच स्टिक ठेवून, कारण अस्थिर मेमरीवर कधीच फ्लॅश करू नये, फाईल वाचतानाच चूक झाली तर चिपवर चुकीचंच लिहिलं जाईल.

तेव्हा नवा डीडीआर५ पीसी, पहिल्यापासून स्लो, आणि यूपीएस हाताशी: बायोस. जुना पीसी, अलीकडे स्लो, समुद्र जवळ: सेल, सफाई, टेस्ट, आणि टेस्टमध्ये स्टिक फेल झाली तरच नवी रॅम, तीही आधी जुन्या बिलावर वॉरंटी उरलीय का ते बघून, कारण रॅमला बऱ्याच कंपन्या लांबलचक वॉरंटी देतात आणि लोक बिलं फेकून देतात. यूपीएस नसेल आणि पावसाळा तोंडावर असेल तर बायोस दिवाळीनंतर करा, तोवर पीसी शटडाऊनऐवजी स्लीपला टाकून ठेवलात तर ट्रेनिंगचा मिनिटभर वाचतो, फक्त वीज चमकायला लागली की काकीसारखं नीट बंद करून भिंतीवरचं बटण पण बंद.