कोबॉलचं एडिटेड पिक्चर: आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने मेनफ्रेमवरचे (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावरचे) कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेतले जुने रिपोर्ट सांभाळतेय. रकमेचं चलनचिन्ह, वजाचं चिन्ह, स्वल्पविराम, सगळं 'पिक्चर'मध्ये, म्हणजे रक्कम कशी छापायची त्याच्या नमुन्यात, एका ओळीत लिहायचं आणि रक्कम त्यात मूव्ह (कॉपी) करायची, बस्स. मला ही सोय मनापासून आवडते. पण तिच्या खोडी ठाऊक नसतील तर ती गुपचूप घात करते.

बेरजेच्या ओळीला $$,$$९.९९ असं पिक्चर होतं (९ म्हणजे एका अंकाची जागा). एके दिवशी बेरीज १२,३४५.६७ झाली आणि छापून आलं $२,३४५.६७. अबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडणं) नाही, एररही नाही. दहा हजार गायब, आणि ओळ दिसायला अगदी नीटनेटकी! ते सापडायला मला दोन दिवस लागले. ओळीने लिहिलेले डॉलर सरकते असतात: छापताना एकच $ पहिल्या अंकाला चिकटून येतो, बाकीच्यांच्या जागी अंक बसतात. त्यांतला पहिला फक्त चिन्हासाठी असतो, तो अंकांच्या जागेत धरायचा नाही. म्हणजे पूर्णांकाला उरल्या चारच जागा, आणि डावीकडचा जास्तीचा अंक मूव्ह सरळ कापून टाकतं. तेव्हापासून मी आधी मूळ फील्डचे (रक्कम ठेवलेल्या रकान्याचे) अंक मोजते, मग त्याहून एक डॉलर जास्त लावते.

पिक्चरच्या शेवटी लिहायच्या सीआर (क्रेडिट) आणि डीबीनेही (डेबिट) फसायला होतं. वाटतं, जमेला सीआर उमटेल, नावेला डीबी. तसं नाही. दोन्ही उमटतात ते रक्कम ऋण असेल तेव्हाच. एरवी तिथे दोन कोऱ्या जागा. त्यातही मधल्या एखाद्या फील्डला एस (अधिक-उणे चिन्ह जपणारं अक्षर) लावायचा राहिला असेल, तर वजाचं चिन्ह वाटेतच गळून पडतं.

एस लावलेलं डिस्प्ले (एका बाइटमध्ये एक अंक ठेवणारं) फील्ड तसंच फाइलमधून पुढे पाठवलं, तर उणे १२३४५ च्या शेवटी पाचाऐवजी इंग्रजी 'एन' दिसतो, कारण चिन्ह शेवटच्या अंकाच्याच बाइटमध्ये बसवलेलं असतं. एक्सेलमध्ये फाइल उघडणाऱ्याला ते कसं कळणार? त्यासाठी फील्डला 'साइन ट्रेलिंग सेपरेट' लिहायचं. एक बाइट वाढतो, पण चिन्ह वेगळं आणि स्पष्ट दिसतं.

₹ आला २०१० साली, त्यामुळे मेनफ्रेमच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) तो नाहीच. चलनचिन्ह ठरवणाऱ्या 'करन्सी साइन'मध्ये आयएनआर अक्षरं देऊन भागवावं लागतं.

लाख-कोटींसाठी मात्र काहीच करावं लागत नाही. पिक्चरमध्ये स्वल्पविराम जिथे ठेवू तिथेच बसतो: तीन अंकांनंतर एक, पुढे दर दोन अंकांनी. १२,३४,५६७.०० बरोबर छापलं जातं, आणि ९ ऐवजी झेड (सुरुवातीची शून्यं कोरी ठेवणारं अक्षर) वापरले असतील तर रक्कम लहान असताना डावीकडचे स्वल्पविरामही आपोआप कोरे होतात. १९६० सालापासूनच्या भाषेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून स्क्रीन दाखवली होती.