परफ्यूमचा ‘पी क्यूब्ड’ संच: 8 महिने रोज ऐकल्यावर

21 सप्टेंबर 2025 ला परफ्यूम या जपानी पॉप गटाच्या तिघींनी जाहीर केलं की वर्षअखेरीपासून त्या काम थांबवणार. ‘कोल्ड स्लीप’ हा त्यांचाच शब्द. बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात घराजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून मी हा संच घेतला. 2019 चा आहे. 3 सीडी, 52 गाणी. मी टोकियोत निशिकासाईला राहते. मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत उभ्याने जाता-येता रोज हेच ऐकते.

आधी खरेदीबद्दल सांगते. दुकानात ‘उत्तम स्थिती’ अशी चिठ्ठी लावलेली होती, पण दुसऱ्या सीडीवर ओरखडा निघाला आणि एक गाणं ऐन मध्यात अडखळतं. जुना संच घेणार असाल तर तिन्ही सीडी तिथेच उजेडात तिरक्या धरून बघा.

पहिला महिना जड गेला. सगळे आवाज यंत्रातून काढलेले, कोण कुठे गातंय काही कळेना. संगीतकार नाकाता यासुताका या तिघींचे आवाज इतके घासूनपुसून घेतात की सुरुवातीला तीन बायका गातायत हेच जाणवत नाही. महिना-दीड महिन्यानंतर मात्र आवाज सुटे व्हायला लागले. आ-चानचा उंच आणि उजळ, काशियुकाचा हलका, श्वास मिसळलेला, नोच्चीचा ठाम. आता एका ओळीवरून मी सांगू शकते की कोण आहे. या तिघी हिरोशिमाच्या ॲक्टर्स स्कूलमध्ये शिकल्या, ‘स्पीड’ या जपानी मुलींच्या गटासारखं जोरकस गाण्याची स्वप्नं बघत मोठ्या झाल्या, आणि पुढे त्यांना भाव न ओतता सपाट गायला सांगितलं गेलं. हे वाचल्यावर ते सपाट सूर मला वेगळेच ऐकू यायला लागले. गळा तयार असलेल्या माणसाने स्वतःला आवरून धरलेलं त्यात कळतं.

‘पॉलीरिदम’बद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकले. या गाण्याच्या मधल्या भागात शब्दांचे तुकडे गोल गोल फिरायला लागतात, एका थरात पाचाचा हिशेब, दुसऱ्यात सहाचा, आणि खाली नेहमीचा चाराचा ठेका. पहिल्यांदा मला वाटलं की इथेही सीडी खराब आहे. मग एका सकाळी गाडीत बॅगेच्या पट्ट्यावर बोटांनी मोजायला घेतलं. ठेका धरला की पाच सुटायचे, पाच धरले की ठेका सुटायचा. सरळ लयकारी आहे ही! गुरुजी हातावर टाळी द्यायला लावून तोंडाने वेगळ्या पटीत बोल म्हणवून घ्यायचे, अगदी तसं. साधारण तीन आठवड्यांनी मोजणी न चुकता गाणं परत मूळ चालीवर आलं तेव्हा समेवर आल्याचा जो आनंद असतो तो मिळाला, आणि माझं स्टेशन मागे गेलं होतं. 2007 मध्ये हे गाणं कचऱ्याच्या पुनर्वापराच्या सार्वजनिक जाहिरातीत वाजलं आणि इथल्या घराघरांत गेलं. फिरून फिरून परत येणारी चाल, विषयही तोच.

तोवरची वाट सोपी नव्हती. 2000 साली हिरोशिमात गट झाला, लवकरच एक मुलगी बाहेर पडली आणि नोच्ची आली. 2003 मध्ये टोकियो. 2005 मध्ये मोठ्या कंपनीतून पहिलं गाणं आलं तरी टोकियोतल्या अकिहाबाराच्या रस्त्यावर उभं राहून कार्यक्रम करणं चालूच होतं. गायिका किमुरा काएला हिने रेडिओवर ‘चॉकलेट डिस्को’ उचलून धरलं, ते त्या पुनर्वापराच्या जाहिरातवाल्यांच्या कानावर गेलं, आणि मग चक्र फिरलं. 2008 मध्ये ‘गेम’ अल्बम पहिल्या क्रमांकावर, त्याच वर्षी बुदोकान या मोठ्या सभागृहात कार्यक्रम, 2010 मध्ये टोकियो डोम या स्टेडियममध्ये.

संचाची खरी उणीव म्हणजे नाच त्यात नाही, आणि नाचाशिवाय परफ्यूम अर्धीच. कार्यक्रमांची चित्रणं मिळवून सोबत बघाच. हिरोशिमाच्या शाळेपासून यांना नाच शिकवणाऱ्या मिकिको यांनी पुढेही सगळं बसवलं. उंच टाचांवर उड्या न मारता, पाय मोजके ठेवून, हात, मनगट आणि मान यांवर सगळा भार. तिघींचे हात वेगवेगळं काही करत असतात आणि एका ठोक्याला तिघी एकच आकृती होतात. 2013 च्या कान लायन्स या जाहिरात महोत्सवातलं सादरीकरण मी किती वेळा पाहिलं असेल! पांढऱ्या कपड्यांवर प्रकाशाची चित्रं पडतात, अंग हलेल तशी तीही हलतात. 2017 मध्ये तर एक टोकियोत, एक लंडनला, एक न्यूयॉर्कला उभी राहून तिघी एकाच वेळी एकच गाणं नाचल्या.

52 गाणी सलग ऐकू नका, कान थकतात. तिसऱ्या सीडीतली काही गाणी मला अजूनही रुचलेली नाहीत. संच 2019 ला थांबतो, त्यामुळे ‘प्लाझ्मा’ आणि ‘नेब्युला रोमान्स’ हे नंतरचे अल्बम वेगळे घ्यावे लागतात. मी दोन्ही घेतले.

याच संचाच्या नावाने डोमचा दौरा झाला होता. 25 फेब्रुवारी 2020 चा टोकियो डोमचा कार्यक्रम पार पडला, दुसऱ्या दिवशीचा, शेवटचा, कोरोनामुळे ऐन दिवशी रद्द झाला. तेव्हा माझ्याकडे तिकीट नव्हतं, मी यांना ओळखतही नव्हते. तरी ते वाचल्यापासून तिसरी सीडी संपताना मला दरवेळी त्या रिकाम्या डोमची आठवण येते.

नव्याने ऐकणाऱ्यांनी पहिल्या सीडीपासून, हेडफोन लावून सुरुवात करावी. ‘पॉलीरिदम’ला बोटं मोकळी ठेवा.