तीन कट, सात डिस्क: सेकंड साइटच्या ‘डॉन ऑफ द डेड’ पेटीचं परीक्षण

जॉर्ज रोमेरोचा १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ हा झॉम्बीपटांचा मूळपुरुष नसला, तरी त्या घराण्याचा सगळ्यात कर्तबगार वारस नक्कीच. तरीही बरीच वर्षं तो खुद्द अमेरिकेत सरळ मार्गाने विकत मिळत नव्हता. अँकर बे या कंपनीने २००४ मध्ये चार डिस्कचा डीव्हीडी संच काढला, त्यात चित्रपटाचे तिन्ही कट, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे संकलित केलेल्या आवृत्त्या, होत्या. २००७ मध्ये त्यांचीच ब्लू-रे आली, पण तिच्यात फक्त अमेरिकेत प्रदर्शित झालेला कट. तो साठा संपला आणि उरलेल्या प्रती जुन्या बाजारात चढ्या भावाने फिरू लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये जी जंगी पेटी आली ती अमेरिकेतून नव्हे, ब्रिटनमधून. सेकंड साइट ही तिथली छोटी कंपनी. पेटीत फोर-के यूएचडीच्या (ब्लू-रेहून जास्त सुस्पष्ट चित्राच्या) तीन डिस्क, जोडचित्रफितींची एक ब्लू-रे, संगीताच्या तीन सीडी आणि दोन पुस्तकं आहेत.

पेटी चांगली आहे, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. ती निघायला एवढा उशीर का झाला, हे समजलं की आत काय आलंय आणि काय नाही, याचा उलगडा होतो.

या चित्रपटाच्या हक्कांचा सातबारा पहिल्या दिवसापासूनच फाटलेला आहे. रोमेरो आणि निर्माता रिचर्ड रूबिनस्टीन यांच्याकडे पुरेसे पैसे नव्हते. इटलीचा दिग्दर्शक दारिओ अर्जेंटो मदतीला आला. त्याने रोमेरोला पटकथा लिहायला रोमला बोलावून घेतलं आणि भांडवलाची सोय लावली. मोबदल्यात ढोबळमानाने इंग्रजी न बोलणाऱ्या देशांचं वितरण अर्जेंटोच्या बाजूला गेलं आणि तिथल्या प्रदर्शनासाठी चित्रपट आपल्या पद्धतीने संकलित करायची मुभाही मिळाली. इंग्रजी मुलखाचे हक्क अमेरिकन निर्मात्याकडे राहिले. त्यामुळे एकाच चित्रीकरणातून दोन वेगळे चित्रपट दोन वेगळ्या मालकांकडे तयार झाले. त्यात भर म्हणून रोमेरोने १९७८ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या बाजारात दाखवायला घाईघाईने जुळवलेला लांबलचक तिसरा कट.

हक्क मिळाले म्हणजे काम झालं असं नाही. हक्क एकाकडे आणि फिल्मचं मूळ साहित्य दुसरीकडे, हे दुखणं जुन्या चित्रपटांत नेहमीचं. इथे कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या कटप्रमाणे कापलेली आहे. कानच्या कटमधली जादा दृश्यं त्या निगेटिव्हवर नाहीत, ती फक्त कलर रिव्हर्सल इंटरनिगेटिव्हवर (मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या दुय्यम निगेटिव्हवर) सापडतात. अर्जेंटोचा कट इटलीत, इंटरपॉझिटिव्हच्या (निगेटिव्हवरून काढलेल्या पॉझिटिव्ह प्रतीच्या) रूपात. म्हणजे तिन्ही कट एका पेटीत हवे असतील तर दोन खंडांतल्या मालकांचे परवाने आणि तीन वेगवेगळ्या जातींची फिल्म एका टेबलावर यायला हवी. नुसता परवाना हातात असलेल्याला मग एखादी जुनी, थकलेली प्रिंट स्कॅन करून भागवावं लागतं. नुसती निगेटिव्ह हाती असलेल्याला तर काहीच करता येत नाही.

संगीताचंही तेच. गॉब्लिन या इटालियन बँडचं संगीत एका बाजूला आणि ब्रिटनच्या डी वुल्फ संग्रहातले तयार तुकडे दुसऱ्या बाजूला. मॉलमध्ये झॉम्बी धडपडत असताना वाजणारं ‘द गाँक’ हे डी वुल्फच्या संग्रहातलंच. सुदैवाने असले तयार तुकडे ठरावीक दराने मिळतात, त्यामुळे संगीत इथे फार आडवं आलं नाही. लोकप्रिय गाणी असती तर वेगळी गत झाली असती: ‘हेवी मेटल’ हा १९८१ चा अ‍ॅनिमेशनपट गाण्यांच्या हक्कांपायी १९९६ पर्यंत अधिकृत व्हिडिओवर येऊ शकला नव्हता.

उशिराचं आणखी एक कारण सांगितलं जातं ते थ्रीडीचं. रूबिनस्टीनने या चित्रपटाचं थ्रीडी रूपांतर करून घेतलं. त्याचा खर्च भरून निघेल एवढी किंमत अमेरिकन कंपन्या द्यायला तयार नव्हत्या, असं संग्राहकांत सर्रास बोललं जातं. आकड्यांत शिरण्यात अर्थ नाही. एक मात्र खरं, की हक्क मोठ्या स्टुडिओऐवजी एका माणसाच्या हातात असले की व्यवहार त्या माणसाच्या अपेक्षेवर अडतो. अमेरिकन दिग्दर्शक केविन स्मिथचा ‘डॉग्मा’ हा चित्रपट असाच वर्षानुवर्षं अडकून होता.

उलट टोकाचं उदाहरण रोमेरोच्याच घरात आहे. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. वितरकाने शीर्षक बदललं, नव्या शीर्षकपट्टीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट कुणाचाच राहिला नाही. परिणाम: कोणीही उठावं आणि डीव्हीडी छापावी. बाजारात ढीगभर प्रती आल्या, पण बहुतेक बघवत नाहीत अशा. नीट आवृत्ती मिळायला २०१८ ची क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे यावी लागली. मालक नसलेल्या चित्रपटाची निगेटिव्ह धुऊनपुसून घ्यायला पैसा कोण घालणार?

आता डिस्क. पहिलीवर १२७ मिनिटांचा अमेरिकन कट, मूळ निगेटिव्हवरून फोर-के स्कॅन केलेला आणि छायाचित्रकार मायकल गॉर्निकच्या देखरेखीखाली दुरुस्त केलेला. पेटीतलं सर्वोत्तम काम हेच. चित्रीकरण पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्री झालं. वरच्या ट्यूबलाइटचा सपाट उजेड बहुतेक दृश्यांत आहे आणि जुन्या डिस्कवर तो करडा, मेलेला दिसायचा. इथे दुकानांच्या पाट्यांचे रंग सुटे दिसतात, कारंज्याच्या पाण्यात खोली येते. मेकअपवाल्या टॉम साव्हिनीने बनवलेलं रक्त भडक, जवळजवळ नारिंगी लाल आहे आणि ते तसंच ठेवलंय. ते गडद करून ‘खरं’ दाखवायचा मोह टाळला, हे फार बरं झालं. झॉम्बींचा चेहराही काही शॉटमध्ये करडा, काहींत निळसर दिसतो. तो दोष डिस्कचा नाही, मेकअपवर पडलेल्या प्रकाशाचा आहे.

फिल्मचे कण शाबूत आहेत. टीव्हीवरचा नॉइज रिडक्शन (कण पुसणारा) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारा) पर्याय बंद केल्याशिवाय या डिस्कबद्दल मत बनवू नका. यूएचडी डिस्कवर एचडीआर१०+ आहे, म्हणजे उजेड-अंधाराचा आवाका वाढवणारं तंत्र. सॅमसंग किंवा पॅनासोनिकच्या पाठिंबा असलेल्या टीव्हीवर तो चालतो, एलजी आणि सोनीवर साधा एचडीआर१० दिसतो. फरक आहे, पण त्यासाठी टीव्ही बदलण्याइतका नाही. आवाजाला मोनो (एकाच वाहिनीचा), स्टिरिओ आणि ५.१ (चहूबाजूंनी येणारा) असे तीन पर्याय आहेत. मोनोच लावा. ५.१ मध्ये गोळीबार इकडेतिकडे फिरतो आणि संवाद मागे पडतात.

कानचा कट १३७ मिनिटांचा. जादा दृश्यं लागली की चित्र अचानक मऊ आणि खरखरीत होतं, काळा रंग थोडा करडा पडतो. इंटरनिगेटिव्हचं हे फिल्म साहित्य मुळात टिकाऊ नव्हतं आणि निगेटिव्हपासून ते एक पायरी लांब आहे, त्यामुळे यापेक्षा जास्त त्यातून निघणार नाही. संगीत जवळजवळ सगळं तयार संग्रहातलं, गॉब्लिन नावापुरतं. हा कट पाहायचा तो रोमेरोने नंतर काय आणि का कापलं ते समजून घ्यायला. सोबत चित्रपट चालू असताना ऐकायचं रूबिनस्टीनचं स्वतःचं भाष्य आहे. ज्याच्या हातात हक्क होते त्याच माणसाला दोन तास ऐकायची संधी म्हणून ते घ्या.

अर्जेंटोचा कट सुमारे १२० मिनिटांचा. विनोद आणि बोलणं कमी, वेग जास्त, गॉब्लिन ठासून भरलेलं. लांबी कमी असूनही यात काही शॉट असे आहेत जे इतर दोन्ही कटमध्ये नाहीत. रोममध्ये इंटरपॉझिटिव्हवरून वेगळं स्कॅन झालंय, त्यामुळे रंगांची जात पहिल्या डिस्कशी जुळत नाही. ती जुळायला हवी अशी अपेक्षाही ठेवू नये. केन फोरी, स्कॉट राइनिगर, गेलन रॉस आणि डेव्हिड एमगी या चार प्रमुख कलाकारांचं भाष्य या कटवर आहे आणि तिन्हींत तेच सर्वांत मजेदार.

पहिल्यांदा बघणाऱ्याने पहिली डिस्क लावावी, मग तिसरी. दुसरीला घाई नाही.

पुस्तकांपैकी १६० पानांचं जाड लेखसंग्रहाचं चांगलं आहे. दुसरं म्हणजे रोमेरो आणि सुझाना स्पॅरो यांची जुनी कादंबरी, ती संग्राहकांसाठी. कमतरता एकच खटकते. एवढ्या मोठ्या पेटीत हक्कांच्या भानगडीवर एखादा सरळ, तारीखवार लेख हवा होता. परवाना देणाऱ्याबद्दल परवाना घेणारा उघडपणे काय लिहिणार, हेही समजण्यासारखं आहे म्हणा.

भारतात घेणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे नीट बघावं. सेकंड साइटने याच पेटीची ब्लू-रे आवृत्तीही काढली आणि फोटोत दोन्ही जवळपास सारख्या दिसतात. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे विभाग पाडलेले आहेत. यूएचडी डिस्कला विभागाचं बंधन नसतं, ती कुठल्याही देशातल्या यूएचडी प्लेअरवर चालते. ब्लू-रे मात्र बी विभागाची आहे आणि भारत सी विभागात, अमेरिका ए विभागात येते. चुकून ब्लू-रेची पेटी घेतली तर इथल्या बहुतेक प्लेअरवर एकही कट लागणार नाही. फोर-के पेटी घेतली तर यूएचडी प्लेअरवर तिन्ही चित्रपट चालतील, फक्त जोडचित्रफितींची चौथी डिस्क अडेल. डीव्हीडीसारखा रिमोटवर कोड दाबून विभाग बदलायची सोय बहुतेक ब्लू-रे प्लेअरना नसते. लंडन-बर्मिंगहॅमकडच्या नातेवाइकांकडे मात्र सगळ्या डिस्क लागतील. कुरिअरने मागवली तर सीमाशुल्क आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार वेगळा धरा. पेटी पुस्तकांमुळे जड आहे.

मर्यादित आवृत्ती संपलेली आहे. जुनी घेताना विक्रेत्याकडून सातही डिस्कचा उघडा फोटो मागवा, कारण सीडी आणि कादंबरी काढून घेऊन उरलेली पेटी ‘पूर्ण’ म्हणून विकण्याची चलाखी चालते. यूएचडी डिस्कमध्ये माहिती फार दाटीने भरलेली असते, म्हणून डीव्हीडीवर चालून जाणारा बारीक ओरखडाही इथे चित्र गोठवू शकतो. हाती आल्या आल्या तिन्ही चित्रपट शेवटापर्यंत चालवून बघा. मध्येच अडकलं तर मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. तरीही त्याच जागी अडकलं तर परत करा.

पुस्तकं आणि सीडी नको असतील तर नुसत्या डिस्कची साधी आवृत्ती पुरे, तीच स्कॅन आहेत. फक्त ‘सेलमध्ये स्वस्त होईल तेव्हा बघू’ हा हिशेब अशा डिस्कला लागू पडत नाही. परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की शिल्लक माल विकायला काही महिने मिळतात आणि छपाई थांबते. ब्रिटनमध्ये हाच चित्रपट सेकंड साइटच्या आधी अ‍ॅरो व्हिडिओकडे होता. त्यांची २०१० ची ब्लू-रे आज नव्याने कोणी छापत नाही.