सोलापूरहून समुद्राकडे: गोकर्णचं होस्टेल की तारकर्लीची घरगुती खोली?

सोलापुरातून समुद्राकडे जायला दोन हमरस्ते आहेत. राष्ट्रीय महामार्ग 52 विजयपूर, हुबळी करत अरबैल घाटाने अंकोल्याला उतरतो, तिथून गोकर्ण तासाभरात. 166 मंगळवेढा, सांगोला, मिरजेवरून कोल्हापूर गाठून पुढे रत्नागिरीला जातो. तारकर्लीसाठी कोल्हापूरला तो सोडून फोंडा घाट धरायचा. रात्रीचं निघालात तर दोन्हीकडे पहाटे-सकाळी पोचता, आणि खरी गोची तिथेच आहे. त्यामुळे फोटो बघून ठरवू नका. पोचल्यानंतरचे पहिले सात-आठ तास कसे जाणार, ते बघा.

होस्टेलमध्ये बेड हातात येतो साधारण दुपारी 12 ते 2 च्या दरम्यान. आधीचा माणूस दहा-अकराला उठून जातो, मग चादर बदलतात. पहाटे 5 ला दारात उभं राहिलात तर रिसेप्शनला कुणी असेलच असं नाही. आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री दार कोण उघडतं, बॅग कुठे ठेवायची, चेक-इनआधी अंघोळ करू देता का. बॅग बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात, अंघोळीचं मात्र विचारलेलंच बरं. तारकर्लीच्या घरगुती निवासात खोली रात्री रिकामी असेल तर आधी कळवल्यावर सकाळीच उघडून देतात. शनिवार-रविवारी ही आशा ठेवू नका.

गोकर्णात कुडले बीचकडची बरीच होस्टेलं टेकडीच्या उतारावर आहेत. रिक्षा वरच थांबते, पुढे पायऱ्या आणि पायवाट. चाकांची बॅग असेल तर ती उचलूनच न्यावी लागते, म्हणून पाठीवरची सॅक घ्या. गुडघेदुखीचं कुणी बरोबर असेल तर हा पर्याय इथेच बाद. तारकर्ली सपाट आहे, रिक्षा बहुधा अंगणापर्यंत येते.

डॉर्मिटरीत, म्हणजे होस्टेलच्या एकावर एक बेड असलेल्या सामायिक खोलीत, जाताना मूळ आधार किंवा लायसन्स लागतं. पॅनवर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. 18 वर्षांखालच्या मुलांना बरेच ठिकाणी घेत नाहीत. लॉकर असतो, कुलूप आपलं. घरच्या कपाटाचं जाडजूड कुलूप त्या कडीत शिरत नाही, त्यामुळे बारीक दांडीचं छोटं कुलूप घ्या. बेड शक्यतो खालचा मागा. वर पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर येतो आणि रात्री उतरताना खालचा जागा होतो. शिवाय खाली असलं की वरच्या दांडीला पंचा अडकवून पडदा करता येतो.

पंचाच म्हटलं, कारण आपला सोलापुरी टॉवेल इथे पंचाईत करतो. घरी उन्हात तासाभरात वाळणारा तो जाड टॉवेल दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि वास मारू लागतो. चादर मात्र एसी डॉर्मसाठी जरूर न्या. कडक भाकरी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी वातड होते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा. शेंगा चटणीचा डबा बंकवर उघडू नका. लसणाचा वास आठ जणांच्या खोलीत लपत नाही आणि मुंग्याही येतात. डॉर्ममध्ये खायला बंदी असते ती त्यासाठीच. खायचं ते कॉमन रूममध्ये.

जेवणात तारकर्ली उजवी. फक्त किती ताटं, मासे की शाकाहारी, हे सकाळीच सांगायचं. आयत्या वेळी मागितलं तर डाळ-भातावर भागवावं लागेल.

पैशांचं गणित डोक्यांवर आहे. होस्टेल बेडमागे घेतं, घरगुती निवास खोलीमागे. बेड 600 आणि खोली 1,800 धरली, तर एकट्याला होस्टेल स्वस्त, तिघांना सारखंच, चौघांना खोली 600 ने स्वस्त. मात्र जादा गादीचे पैसे आधी विचारा. एकट्याने जाऊन चार नवी माणसं भेटायची असतील तर गोकर्ण. आई-वडील किंवा लहान मूल बरोबर असेल तर दुसरा विचारच नको, तारकर्ली.

जूनमध्ये मात्र तारकर्लीची मजा निम्म्यावर येते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा पावसाळ्यात बंद असतात, आणि 1 जूनपासून यांत्रिक बोटींच्या मासेमारीवरही बंदी असल्याने ताटात ताजी सुरमई सहसा नसते. गोकर्णलाही तेव्हा समुद्रात उतरायचं नाही. दिवाळीनंतरचे दिवस दोन्हीकडे उत्तम. फक्त 24 डिसेंबर ते 1 जानेवारी टाळा, त्या आठवड्यात दर भडकतात आणि खालचा बेड मागून मिळत नाही.