आडनावाचा माग काढताना: लष्करी कागद आधी की गावदप्तर?

नातीच्या वंशवृक्षात आईकडची बाजू एका संध्याकाळी भरून झाली, कारण आमचा कुलवृत्तांत कपाटातच होता. वडिलांकडची, म्हणजे आमच्या अमेरिकन जावयाची बाजू मात्र १८५० पाशी येऊन अडली. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून लिहायला लागले. त्याआधीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची नुसती डोकी मोजलेली. जावयाच्या घरी त्यापलीकडचं दोनच गोष्टींवर उभं होतं: एक आडनाव, आणि ‘आमच्यातला कुणीतरी इंग्रजांविरुद्ध लढला होता’, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात होता, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. अशा वेळी आधी सैन्याचे कागद चाळायचे की गावाच्या वह्या उघडायच्या? सून किंवा जावई तिथल्या जुन्या घराण्यातला असलेल्या आणखी मराठी घरांनाही हा प्रश्न पडणार, म्हणून दोन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवून लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुटुंब न्यू इंग्लंडमध्येच (मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट अशा ईशान्येकडच्या राज्यांत) टिकून राहिलं असेल तर गावदप्तर आधी. युद्धानंतर न्यूयॉर्कचा वरचा भाग, ओहायो असं पश्चिमेकडे सरकलं असेल तर सैनिकाच्या पेन्शनच्या अर्जाची फाईल आधी. आणि घराणं व्हर्जिनियाचं किंवा कॅरोलिनाचं असेल तर गावदप्तराचा विचार सोडा. तिकडे कारभार काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एककाचा होता, त्यामुळे काउंटी कोर्टाच्या वह्या, जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रं हीच तिथली गावदप्तरं.

न्यू इंग्लंडचं ‘टाऊन’ म्हणजे शहर नव्हे. आपल्या गावासारखं, स्वतःची सभा, स्वतःचा कर आणि स्वतःचा कारकून असलेलं एकक. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवण्याचा हुकूम १६३९ मध्येच काढला. प्रत्येक गावाने तो सारख्या निष्ठेने पाळला असं नाही, पण जिथे टाऊन क्लार्क नेटका होता तिथे एकाच आडनावाच्या पाच-सहा पिढ्या एका जागी सापडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पूर्वीच्या नोंदी आडनावांच्या अनुक्रमाने छापून निघाल्या. कनेक्टिकटसाठी बार्बर संग्रह तेच काम करतो. नवख्या माणसाला याहून सोपी सुरुवात नाही.

तरी जन्म-मृत्यूच्या यादीवर थांबू नका. खरी गंमत गावसभेच्या इतिवृत्तात आहे. मोकाट डुकरांवर नजर ठेवायला कोणाला नेमलं, कुंपणं तपासायचं काम कोणाकडे गेलं, कोणाच्या गुरांच्या कानाला कुठली खूण, हे सगळं नावानिशी लिहिलेलं असतं. जन्माची नोंद नसलेला माणूस डुकरांच्या यादीत भेटतो आणि त्या वर्षी तो गावात राहत होता एवढं पक्कं होतं. ‘वॉर्निंग आऊट’च्या नोटिसा तर माझ्या मते सर्वांत मोलाच्या. नवं कुटुंब आलं की गाव त्याला निघून जाण्याची औपचारिक नोटीस द्यायचं, म्हणजे पुढे ते गरिबीत सापडलं तर पोसायची जबाबदारी गावावर पडू नये. प्रत्यक्षात पुष्कळ जण तिथेच राहिले. पण त्या नोटिशीत बहुतेक वेळा नवरा, बायको, मुलं आणि ‘अमुक गावाहून आलेले’ असं लिहिलेलं असतं. तुटलेला धागा तिथे जुळतो.

गावदप्तराची उणीव एकच, पण मोठी. माणूस गावाच्या शिवेबाहेर गेला की वही गप्प होते. कुठे गेला, का गेला, काही नाही.

लष्करी कागदांचं उलटं आहे. ते एका माणसाला एका क्षणी पकडतात. त्यातही दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली हजेरीपटांची: नाव, पलटण, कप्तान, किती दिवस, किती पगार. मॅसॅच्युसेट्सने आपल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांची सूची १८९६ ते १९०८ या काळात १७ खंडांत छापली. तिची मोठी सोय म्हणजे आडनावाची जितकी रूपं पटांवर सापडली तितकी ती एकत्र दाखवते. पण त्यात बाप, आई, बायको कोणी नाही. एकाच नावाचे तीन जण तीन नोंदींत येतात, आणि ते तिघं की एकच हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी जात पेन्शनच्या फायलींची, आणि वंशवृक्षासाठी सोनं इथे आहे. वॉर डिपार्टमेंटच्या कचेरीला नोव्हेंबर १८०० मध्ये आग लागली आणि आधीचे अर्ज जळाले. त्यामुळे उरलेला मुख्य साठा नंतरच्या कायद्यांचा आहे. १८१८ चा कायदा कॉन्टिनेंटल सैन्यात, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या सामायिक सैन्यात, निदान नऊ महिने काढलेल्या आणि आता गरजू असलेल्या सैनिकांसाठी होता. १८२० पासून मालमत्तेची यादी सक्तीची झाली. त्या यादीत एक म्हातारी गाय, दोन किटल्या आणि मोडकी खुर्ची येते, आणि कित्येकदा घरातल्या माणसांची नावं व वयंही. १८३२ च्या कायद्याने गावच्या मिलिशियात (स्थानिक नागरिकांच्या पथकात) सहा महिने काढलेल्यालाही दार उघडलं. त्या वेळी म्हाताऱ्या सैनिकाला कोर्टात ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद कुठे आहे, सैन्यात गेलास तेव्हा कुठे राहत होतास, त्यानंतर कुठेकुठे राहिलास. गावदप्तर जिथे गप्प होतं, तिथे ही उत्तरं बोलू लागतात. १८३६ पासून विधवांना जास्त वाव मिळाला. लग्नाचा पुरावा म्हणून त्यांनी घरच्या बायबलमधली वंशावळीची पानं फाडून जोडली, आणि ती पानं आजही त्या फायलींत आहेत.

अशा सुमारे ८०,००० फायली अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांची चित्रं संगणकावर पैसे न देता पाहता येतात. एक सावधगिरी बाळगा: एम ८०४ या मायक्रोफिल्म मालिकेत पूर्ण फाईल आहे, एम ८०५ मध्ये निवडक पानंच. आणि फाईलच्या क्रमांकाआधी ‘आर’ म्हणजे नाकारलेला अर्ज असेल तर ती सोडू नका. नकार मिळालेल्या माणसाने पुनःपुन्हा पुरावे पाठवलेले असतात, आणि आपल्याला हवेत ते पुरावेच.

आता दोन्ही वाटांतला एक धोका. तो समजावायला डेबोरा सॅम्प्सनइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १७६० मध्ये प्लिम्प्टन गावी जन्मलेली ही मुलगी मिडलबरोत मोलकरीण म्हणून वाढली. मे १७८२ मध्ये ती पुरुषी वेषात रॉबर्ट शर्टलिफ या नावाने चौथ्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत दाखल झाली. लष्करी कागद तिला अक्सब्रिज गावच्या नावावर दाखवतात, कारण भरतीचा ठरलेला आकडा पुरा करायला अक्सब्रिजने ६० पौंड देऊन तो ‘शर्टलिफ’ घेतला होता. म्हणजे पटावरचं गाव हे राहतं गाव असेलच असं नाही, ते पैसे मोजणारं गावही असू शकतं. इथे आडनावसुद्धा खोटं. उलट मिडलबरोच्या बाप्टिस्ट चर्चच्या वहीत त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिला पुरुषी कपडे घालून सैन्यात नाव नोंदवल्याच्या आरोपावरून संगतीतून वगळल्याची नोंद आहे, तीही खऱ्या नावाने. आईकडून ती प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या वंशातली होती. हे नातं हजेरीपटावर कुठून कळणार? दोन्ही नावांची सांगड तिच्या नंतरच्या अर्जांनी घातली.

पीटर सेलमचं आडनाव आणखी वेगळा धडा देतं. फ्रेमिंगहॅममध्ये गुलाम असलेला हा माणूस स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईत होता. तो सेलम मिडलसेक्स या नावानेही ओळखला जाई. काळ्या सैनिकांच्या बाबतीत आडनाव हा वंशाचा पुरावा धरून चालत नाही. काहींनी मालकाचं आडनाव टाकून नवं घेतलं. कनेक्टिकटच्या पटांवर लिबर्टी आणि फ्रीमन ही आडनावं दिसतात. तिथे शोध आडनावाचा नाही, गावाचा घ्यावा लागतो.

शब्दलेखनाची धास्ती घेऊ नका, पण एकाच रूपाला चिकटूनही बसू नका. कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. ‘ज्युनिअर’ म्हणजे मुलगाच असं समजू नका. गावात त्याच नावाचा वयाने मोठा माणूस असला, अगदी काका असला, तरी धाकट्याला ज्युनिअर म्हणत. तारखांबाबतही जागरूक राहा. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३१/३२ अशी जोडतारीख दिसली तर ती चूक नव्हे.

घराणं सतराव्या शतकापासूनचं असेल तर दोन्ही वाटा एकत्र येतात अशी एक जागा आहे. १६७५–७६ च्या किंग फिलिपच्या युद्धातल्या (वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यातल्या) सैनिकांना किंवा त्यांच्या वारसांना मॅसॅच्युसेट्सने पुढे सात नवी गावं वाटून दिली, ८४० हक्कदार, प्रत्येक गावी १२०. पन्नासहून अधिक वर्षांनी हक्क सांगायला मुलगा किंवा नातू आला, की तो कुणाच्या वतीने आला हे नोंदलं गेलं.

आमच्या जावयाच्या बाबतीत घराणं १८१० नंतर न्यूयॉर्क राज्यात दिसत होतं, म्हणून आम्ही पेन्शनपासून सुरुवात केली. विधवेच्या फाईलमध्ये नवऱ्याच्या जन्मगावाचं नाव मिळालं. त्या गावच्या छापील नोंदींत आडनाव ‘ए’ऐवजी ‘आय’ने लिहिलेलं होतं, आणि त्याच पानावर त्याची सात भावंडं होती. नातीने ती सातही नावं स्वतःच्या हाताने वंशवृक्षात लिहिली आहेत.