कुंडईच्या प्लांटचं रेडीमिक्स

फोंड्यातल्या आमच्या स्लॅबसाठी कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या प्लांटवरून एम २५ ताकदीचं रेडीमिक्स, म्हणजे प्लांटवरच कालवून गाडीने येणारं काँक्रीट मागवलं. गाडी आली की मी आधी चलन वाचते. आयएस ४९२६ या रेडीमिक्सच्या भारतीय मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून २ तासांत माल पोचायला हवा. कुंडई जवळ, तो प्रश्नच आला नाही. पंपावरच्या पोराने माल घट्ट वाटतो म्हणून पाण्याचा पाइप उचलला, तर ड्रायव्हरनेच त्याला अडवलं. हे मला फार आवडलं! वरून पाणी ओतलं की काँक्रीटची ताकद गेलीच, आणि साइटवर हे सर्रास चालतं. ताकद तपासायचे १५० मिलिमीटरचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) माझ्यासमोर भरले, २८ दिवसांनी चाचणीत पास झाले. दर थोडा चढा. दुपारी फोन उचलत नाहीत, तेवढं सुधारा.